चेक : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ

चेक हा इंग्रजी शब्द मराठीत इतका मुरलाय की तो उसना आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण मेल चेक करतो, बँकेत चेक टाकतो, चेक्सचा शर्ट घालतो, हॉटेलात चेक-इन करतो, वर्षातून एकदा चेकअप करून घेतो, बुद्धिबळात राजाला चेक देतो आणि चेकनाक्यावर गाडी थांबवून डिकी उघडून दाखवतो. वरवर बघितलं तर हे सगळे वेगवेगळे शब्द वाटतात, योगायोगाने आवाज सारखा आलेले. तसं नाहीये. हे सगळे एकाच शब्दातून आलेत आणि तो शब्द आहे फारसी 'शाह', म्हणजे राजा.

गंमत म्हणजे हाच शब्द मराठीत त्याच्या आधीच येऊन बसलेला होता. 'शह देणे' मधला शह तोच. म्हणजे शह थेट फारसीतून आला आणि चेक युरोपला मोठा वळसा घालून आला, आणि आता बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेला मराठी माणूस कधी 'शह' म्हणतो कधी 'चेक', दोन्ही वेळा तो एकच शब्द उच्चारत असतो.

पटावरून सुरुवात

बुद्धिबळ मूळचं भारतातलं, संस्कृत नाव चतुरंग. इराणात जाऊन त्याचं चतरंग झालं. अरबांनी ७ व्या शतकात इराण जिंकलं तेव्हा हा खेळही उचलला, पण अरबीत 'च' नाही आणि 'ग' पण नाही त्यामुळे चतरंगचं शतरंज झालं. इराणी खेळाडू समोरच्याच्या राजावर मारा आला की 'शाह!' असं ओरडून सावध करायचे, म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. खेळाबरोबर ही आरोळीसुद्धा पुढे गेली. १००० सालाच्या आसपास बुद्धिबळ स्पेन, सिसिली अशा वाटांनी युरोपात रुजलं तेव्हा लॅटिनमध्ये शाहचं 'स्काकुस' झालं, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं, आणि इंग्रजीत येईपर्यंत पुढचा 'ए' गळून चेक उरला.

एशेकचं अनेकवचन एशेक्स, त्यावरून इंग्रजीत 'चेस'. म्हणजे शब्दाच्या हिशोबाने चेस हे चेकचंच अनेकवचन आहे, राजे-राजे.

चेकमेट म्हणजे 'शाह मात'. याचा अर्थ 'राजा मेला' असा सर्रास सांगितला जातो कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला, आणि खेळात बघा ना, राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही, त्यामुळे मला तरी हा दुसरा अर्थच जास्त पटतो. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो त्यातली मात हीच. शह-काटशह, मात, प्यादं, वजीर ही सगळी मंडळी आपल्याकडे फारसीतून एकाच वरातीत आलेली आहेत.

खुद्द शाह या शब्दाच्या मुळाशी गेलं तर प्राचीन इराणी भाषेतलं 'राज्य करणे' या अर्थाचं मूळ सापडतं आणि संस्कृतातल्या 'क्षत्र' शब्दाशी त्याचं नातं लागतं. म्हणजे हा शब्द लांबून का होईना, भाऊबंदकीतलाच.

चौकडीचं टेबल

आता राजावरून पैशाकडे कसं गेलं ते बघू, आणि माझ्या मते या शब्दातला सगळ्यात भारी भाग हाच आहे. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमध्ये 'स्काकारियम' म्हणायचे आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए'. १२ व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसुलाचा हिशोब ज्या टेबलावर व्हायचा त्याच्यावर पटासारखी चौकडी आखलेलं कापड अंथरलेलं असायचं, म्हणून त्या टेबलाला आणि मग त्या अख्ख्या खात्याला हेच नाव पडलं. इंग्रजीत ते झालं एक्सचेकर. त्यातला 'क्स' खरं तर चुकून घुसलाय, कारकुनांना वाटलं की हा लॅटिन 'एक्स' लागलेला शब्द असणार आणि तसंच लिहायला लागले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात, म्हणजे शब्दशः पटाचा चॅन्सलर.

राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात या खात्याचं कामकाज प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून ठेवलं म्हणून आपल्याला बारीकसारीक माहिती मिळते. टेबल साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, नाणी खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ, वर काळं कापड आणि त्यावर रेघा. प्रत्येक उभा रकाना एका किमतीचा, एक पेनीचा, शेजारचा शिलिंगचा, मग पौंडाचा, मग वीस पौंडाचा, शंभराचा, असं वाढत जायचं. परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा महसूल गोळा करणारा अधिकारी, वर्षातून दोनदा हजर व्हायचा. तो किती देणं लागतो ते सोंगट्या मांडून वरच्या ओळीत दाखवायचे, त्याने किती भरलंय ते खालच्या ओळीत, आणि वरून खालचं वजा करत जायचं. पेनीच्या रकान्यात १२ सोंगट्या झाल्या की त्या उचलून शिलिंगच्या रकान्यात एक ठेवायची, शिलिंगच्या २० झाल्या की पौंडात एक. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप, आणि शून्य तर त्यांच्याकडे नव्हतंच, पण या कापडावर शून्य आपोआप यायचं, रिकामा रकाना म्हणजे शून्य! लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलासुद्धा आपण कुठे कमी पडलो ते डोळ्यांनी दिसायचं. पटावर जशी दोन राजांची लढाई तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची लढाई, ही तुलना फिट्झनीलने स्वतःच केलेली आहे.

पैसे भरल्याची पावती लाकडी काठीची असायची. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, हजार पौंडाला तळहाताच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक भाग पैसे भरणाऱ्याला, एक भाग खात्याला, वाद झाला की दोन्ही जोडून खाचा जुळतात का बघायचं. या काठीचं नाव टॅली, म्हणून तर आपण अजून 'हिशोब टॅली होत नाहीये' म्हणतो. या काठ्या १८२६ मध्ये बंद झाल्या आणि उरलेला ढीग १८३४ मध्ये लंडनच्या संसद भवनाच्या भट्टीत जाळायला घेतला तर भट्टी इतकी तापली की जुनं संसद भवनच जवळपास सगळं जळून गेलं.

थांबवण्यापासून तपासण्यापर्यंत

इकडे पटावरचा चेक रोजच्या बोलण्यात शिरला. राजाला शह बसला की बाकी सगळं सोडून आधी तेच बघावं लागतं, त्यावरून चेक म्हणजे अचानक बसलेली खीळ, मग आवर, लगाम. आइस हॉकीत अंगावर जाऊन समोरच्याला अडवतात तो बॉडी चेक, पाण्याला उलटं येऊ देत नाही तो चेक व्हॉल्व्ह, सरकारच्या तीन अंगांनी एकमेकांना आवरायचं ते चेक्स अँड बॅलन्सेस. यातूनच पुढे तपासण्याचा अर्थ आला. लबाडीला आवर घालायचा तर दुसरी प्रत जवळ ठेवायची आणि ताडून बघायचं, आणि हळूहळू ताडून बघणं म्हणजेच चेक करणं झालं. आपण सर्वात जास्त वापरतो तो हा अर्थ तसा उशिराचा, १७ व्या शतकाच्या शेवटाकडचा.

बँकेचा चेक याच रांगेतला. १८ व्या शतकात आधी चेक म्हणायचे ते आपल्याकडे राहणाऱ्या अर्ध्या तुकड्याला, म्हणजे काउंटरफॉइलला, कारण खोट्या कागदाला आळा बसायचा तो त्याच्यामुळे. मग नाव तुकड्यावरून अख्ख्या कागदाला चिकटलं. ब्रिटिश लोकांनी नंतर एक्सचेकरच्या धर्तीवर त्याचं स्पेलिंग वेगळं केलं, अमेरिकन लोकांनी नाही केलं, आणि मराठीत तर प्रश्नच नाही, आपण सगळंच 'चेक' लिहितो आणि अर्थ वाक्यावरून कळतो. अमेरिकेत हॉटेलच्या बिलालाही चेकच म्हणतात. 'रेन चेक' हाही तिकडचाच, बेसबॉलची मॅच पावसाने वाया गेली की तिकिटाचा उरलेला तुकडा पुढच्या मॅचला चालायचा, त्या तुकड्याचं हे नाव.

बर्लिनमधला 'चेकपॉइंट चार्ली', म्हणजे शीतयुद्धात पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधल्या हद्दीवरचा नाका, मात्र कुण्या चार्लीच्या नावाचा नाही. अल्फा, ब्राव्हो, चार्ली या अक्षरमालेतला तो तिसरा नाका, एवढंच.

चौकडी आणि इतर भाषा

कापडावरच्या चेक्स थेट पटावरून आल्या, रेसिंगचा काळा-पांढरा चेकर्ड फ्लॅगही. क्रोएशियाच्या राजचिन्हात लाल-पांढरे २५ चौकोन आहेत, त्याला तिकडे 'शाहोव्नित्सा' म्हणतात, नीट ऐका, सुरुवातीलाच शाह आहे. फ्रेंचमध्ये एशेक म्हणजे अपयश. रशियन लोक बुद्धिबळाला 'शाखमाती' म्हणतात म्हणजे सरळ शाह-मात. पोर्तुगीजांचा 'शद्रेस' चतुरंगवरून आला, त्याचे अर्थ बुद्धिबळ आणि चौकडी, आणि ब्राझीलच्या बोलीत चक्क तुरुंग, बहुतेक गजांच्या चौकडीवरून.

देवनागरीत सारखाच दिसणारा चेक देश आणि चेक लोक यांचा वरच्या कशाशीही संबंध नाही, ते नाव चेख नावाच्या त्यांच्या दंतकथेतल्या मूळपुरुषावरून आलं. पण चेक भाषेत बुद्धिबळाला म्हणतात 'शाखी', आणि तो शब्द शाहवरूनच आलाय.