जलविद्युत परवान्याला पाच वर्षं का लागतात?

अमेरिकेत जुन्या जलविद्युत प्रकल्पाचा परवाना संपत आला, की मालकाला किमान पाच वर्षं आधी कामाला लागावं लागतं. धरण उभं आहे, जनित्रं फिरताहेत, नवं काही बांधायचं नाही. तरीही पाण्याचे, माशांचे, गाळाचे अभ्यास! ‘लालफीत, दुसरं काय’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. यातला बराच वेळ नदीच घेते, आणि तो का घेते हे कळायला जलाशयाच्या तळाशी उतरावं लागतं.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. खासगी कंपन्या, नगरपालिका वगैरेंच्या बहुतेक प्रकल्पांना फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन या केंद्रीय आयोगाचा परवाना लागतो, साधारण 30 ते 50 वर्षांचा. (हूव्हरसारखी केंद्र सरकारची स्वतःची धरणं यात येत नाहीत.) 1970 पासून लागू असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली आयोग प्रकल्पाचे परिणाम तपासतो. पण मोठी कळ राज्याच्या हातात असते. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 401 नुसार राज्यानं पाण्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. राज्यानं ते नाकारलं, तर आयोगाला परवाना देता येत नाही.

आता कोणीही विचारेल, टर्बाइन पाण्यात काहीच मिसळत नाही, मग दर्जा कसा बिघडेल?

उन्हाळ्यात खोल जलाशयाचं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि सायीसारखं वरच राहतं. 10 अंश सेल्सिअसचं एक घनमीटर पाणी 25 अंशांच्या तेवढ्याच पाण्यापेक्षा जेमतेम अडीच किलोनं जड असतं. हजार किलोत अडीच किलो! पण एवढा फरक पुरतो. वारा वरचा थर घुसळतो, खालच्याला हलवू शकत नाही. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. तिथे उजेड पोचत नाही, म्हणून प्रकाशसंश्लेषणही नाही. वरून मेलेलं शेवाळ आणि पालापाचोळा मात्र पडतच राहतो, आणि तो कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; उन्हाळा सरेपर्यंत काही जलाशयांच्या तळाशी तो जवळजवळ शून्यावर येतो. मग गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळू लागतं, कुजक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अनेक धरणांत टर्बाइनकडे जाणारं पाणी याच खोलीवरून उचललं जातं. म्हणजे धरणाखालच्या ट्राउट माशांना थंड पण गुदमरवणारं पाणी मिळतं.

शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सगळे थर पुन्हा मिसळतात. म्हणून मार्चमध्ये मोजलं तर सगळं छान, ऑगस्टमध्ये त्याच जागी मासे तडफडताहेत. त्यात ओलं वर्ष वेगळं, कोरडं वर्ष वेगळं. आयोगाच्या नेहमीच्या प्रक्रियेत अभ्यासासाठी एक-दोन हंगाम राखून ठेवलेले असतात ते यासाठीच.

यावर उपाय आहे. टर्बाइनच्या चक्राखाली दाब हवेच्या दाबापेक्षा कमी करता येतो; तिथे छिद्रं ठेवली की हवा आपोआप आत ओढली जाते. कार्यक्षमता थोडी घटते, इतकंच. परवान्यातल्या अटी अशा बारकाव्यांपर्यंत जाऊ शकतात.

‘वीज काढल्यावर पाण्यातलं सत्त्व निघून जातं, ते पिकाला लागत नाही’ हा आपल्याकडचा समज मात्र साफ खोटा आहे. 100 मीटरवरून पडणारं एक लिटर पाणी जास्तीत जास्त 981 ज्यूल देतं. तेवढ्या उष्णतेनं तेच पाणी पाव अंशानंही तापणार नाही. टर्बाइन पाण्याची उंची घेते, बाकी काही नाही. पाणी बदलतं ते जलाशयात अडून राहिल्यानं. जलविद्युत म्हणजे शंभर टक्के स्वच्छ वीज, ही जाहिरातही तितकीच पोकळ आहे.

‘आम्ही नदीत काही टाकतच नाही’ हा युक्तिवाद मेन राज्यातल्या एस. डी. वॉरन कंपनीनं प्रिसम्पस्कॉट नदीवरच्या धरणांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 2006 मध्ये न्यायालयानं तो एकमतानं फेटाळला: धरणातून सोडलेल्या पाण्यालाही कलम 401 लागू होतं.

सगळाच उशीर नदीमुळे होतो, असं मात्र नाही. परवाना संपला आणि तपासणी पुरी झाली नसेल, तर आयोग जुन्याच अटींवर वर्षावर्षाचा परवाना देत राहतो. वीज चालू, अटीही जुन्याच. ओरेगॉन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवरच्या धरणांचा परवाना 2006 मध्ये संपला. कलम 401 च्या प्रमाणपत्रावर निर्णय द्यायला राज्यांना एका वर्षाची मुदत असते, म्हणून कंपनी आणि दोन्ही राज्यांनी संगनमतानं दरवर्षी त्याचा अर्ज मागे घेऊन पुन्हा भरायची रीत पाडली. हूपा व्हॅली जमात त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं ही पळवाट बंद केली. तोवर तेरा वर्षं जुन्या अटींवरच गेली होती. 2022 मध्ये आयोगानं परवाना परत करायला मंजुरी दिली, आणि 2024 मध्ये तिथली चार धरणं पाडून झाली.