पहिल्या आठवड्यातले दोन किलो

'लो-कार्ब (म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार) सुरू केलंय' म्हणणाऱ्यांच्या डब्यात हल्ली हमखास ज्वारीची भाकरी दिसते. पोळी बंद, भाकरी सुरू. भाकरी चांगलीच, पण ती लो-कार्ब नव्हे. कणीक घ्या की ज्वारीचं पीठ, शंभर ग्रॅममागे कर्बोदकं पासष्ट-सत्तर ग्रॅम असतातच. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीवरचा लेख २०२५ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आला. आपल्याला जवळजवळ ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, असं त्यात दिसलं. शिवाय, पॉलिश केलेल्या पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. थोडक्यात, धान्य बदलून भागत नाही, ते कमी करावं लागतं.

आणि ते खरंच कमी केलं, की आठवड्याभरात वजनकाटा दोन किलो खाली येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'सात दिवसांत चरबी गायब'वाले फोटो याच दोन किलोंच्या जिवावर चालतात. त्यात चरबी अगदी थोडी असते. बाकीचं बहुतेक पाणी.

ते येतं कुठून? खाल्लेल्या ग्लुकोजपैकी काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या, पिष्टाचाच भाऊबंद. तो कोरडा राहत नाही. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पाणी धरून बसतो, एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम. खाण्यातली कर्बोदकं कमी झाली की एक-दोन दिवसांत यकृतातला साठा संपत येतो, स्नायूंतलाही उतरतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी मोकळं होतं. ५०० ग्रॅम अधिक दीड लिटर, हिशोब करा. साठा पुरता रिकामा होत नाही हे खरं, पण उरलेली कसर मूत्रपिंड भरून काढतं. रविवारी श्रीखंड-पुरी झाली की सोमवारी काटा वर जातो, तेही याच हिशोबाने.

मूत्रपिंडाचा भाग मला सगळ्यांत आवडतो. इन्सुलिन म्हणजे साखर पेशींत ढकलणारं संप्रेरक, एवढं शाळेत शिकवतात. पण ते मूत्रपिंडाच्या नलिकांना 'सोडियम परत शोषून घ्या' असंही सांगत असतं. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं, हा निरोप क्षीण होतो आणि सोडियम लघवीवाटे निघून जातं, आपल्याबरोबर पाणी घेऊन. सोडियम फार गेलं की अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं. ते सोडियम वाचवतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम सोडून देतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड होतं, उभं राहताना गरगरतं, रात्री पोटरीत गोळे येतात. याला कुणी 'कीटो फ्लू' म्हणतं, कुणी 'शरीरातली विषं बाहेर पडताहेत' म्हणतं. बाहेर पडतंय ते बहुतांशी मीठ-पाणी!

म्हणून सुरुवातीला ताटाइतकाच पेल्याचाही विचार करावा. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, गूळ न घातलेलं आमसुलाचं सार, कोंबडीचा किंवा पायाचा पातळ रस्सा, हे सगळं या दिवसांत कामाचं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण साखरही असते. अर्धा पेला पुरे. पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जाते, म्हणून चहा कोरा किंवा नावापुरत्या दुधाचा. उसाच्या रसाचं नावच नको. आणि सकाळचं ते लिंबू-मध-पाणी: मोठा चमचाभर मधात सतराएक ग्रॅम साखर असते. त्याने चरबी वितळत नाही, उपास मात्र मोडतो.

खाण्यात अंडी, बांगडा, चिकन, पनीर सोपं. मेथी, पालक, वांगी, दुधी, फ्लॉवर पोटभर, बटाटा-रताळं बाजूला. शाकाहाऱ्यांची खरी अडचण डाळीची असते. कोरड्या डाळीत साठेक टक्के कर्बोदकं, त्यामुळे वाटीभर घट्ट वरणाऐवजी थोडी मोडाची मटकी, शेंगदाण्याची चटणी, खोबरं, जवस यांवर भर द्यावा लागतो.

यात जादू मात्र नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. लो-कार्ब गटाचं वजन सरासरी ६ किलो घटलं, लो-फॅट गटाचं ५.३, फरक नगण्य.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातली साखर या आहाराने एकदम खाली येऊ शकते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांवर तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. अशांनी, आणि रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, ताकात मीठ घालण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचा डोस ठरवून घ्यावा.