विषाणुजन्य आजारांतील हृदयताल-देखरेख

विषाणूमुळे झालेल्या आजारावर औषधे चालू असताना हृदयाची लय बिघडत नाही ना, हे ईसीजी (हृदयाच्या विद्युत हालचालींचा आलेख) आणि रक्ततपासणीच्या आधारे पाहत राहण्याची पद्धत. लक्ष मुख्यतः क्यूटी अंतरावर असते. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होईपर्यंतचा हा काळ. काही औषधे हृदयपेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवतात, पेशी सावरायला उशीर होतो आणि क्यूटी लांबते. ती फार लांबली तर ‘टॉर्साड द पॉइंट’ हा वेगवान, वेडावाकडा ताल उद्भवू शकतो. फ्रान्स्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्णाला घेरी येते, शुद्ध हरपते. कधी मृत्यूही येतो.

क्यूटी नाडीच्या गतीनुसार बदलते, म्हणून नाडीचा हिशेब धरून ती सूत्राने सुधारून घ्यावी लागते आणि तापात नाडी वाढलेली असल्याने नेमकी इथेच फसगत होते. बॅझेट आणि फ्रिडेरिशिया या दोघांची सूत्रे १९२० सालची. नाडी ११० आणि मोजलेली क्यूटी ३६० मिलिसेकंद असेल, तर बॅझेटच्या सूत्राने उत्तर सुमारे ४८७ येते, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४४१. पहिला आकडा पाहून औषध बंद करावेसे वाटेल, दुसरा पाहून नाही. बरीच ईसीजी यंत्रे बॅझेटचेच सूत्र वापरतात; म्हणून तापाच्या रुग्णाचा यंत्राने छापलेला आकडा डॉक्टरने स्वतः ताडून पाहावा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा, एवढे पुरते.

या विषयाशी बडोद्याचे नाते औषधाच्या दुकानापासून सुरू होते. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये उभारलेल्या बडोद्याच्या अलेम्बिक या औषध कंपनीचे अझिथ्रल, म्हणजे अझिथ्रोमायसिन, तिथल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांनाही परिचित आहे. हे जिवाणूंवरचे औषध, आणि तेही क्यूटी लांबवू शकते. व्हायरल तापात त्याचा उपयोग नाही, तरी ‘तीन दिवसांचा कोर्स’ सर्रास घेतला जातो. अमेरिकेतील टेनेसीमधल्या २०१२ च्या अभ्यासात अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांमध्ये अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या तुलनेत दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराचे ४७ जास्त मृत्यू दिसले. आधीच जास्त जोखमीच्या गटात हा आकडा २४५ होता. धडधाकट तरुणाने घाबरावे असे त्यात काही नाही. पण ज्या गोळीची गरजच नव्हती तिच्यासाठी एवढी जोखीमही का घ्यावी?

ही देखरेख सर्वांच्या तोंडी आली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) करोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे क्यूटी लांबवू शकणारे मलेरियाचे औषध सुचवले : पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्याला एकदा. बडोद्यात प्रशासनाने रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांनाही मोठ्या प्रमाणावर गोळ्या दिल्या. मे महिन्याच्या सुधारित सूचनेत ईसीजीचा उल्लेख आला. हे औषध शरीरात निम्मे व्हायला सुमारे ४० दिवस लागतात, त्यामुळे गोळी थांबवली म्हणजे परिणाम लगेच थांबला असे होत नाही. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही आणि अमेरिकेने त्याला दिलेली आपत्कालीन परवानगी मागे घेतली. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या विषाणूरोधक जोडीचाही त्या चाचणीत फायदा दिसला नाही. रिटोनाव्हिरची अडचण वेगळी : ते यकृतातले एक विकर (एन्झाइम) रोखते आणि दुसऱ्याच औषधांची रक्तातली पातळी चढवते. रेमडेसिव्हिर या विषाणूरोधकाने ठोके मंद होऊ शकतात. डेंग्यूत तर कोणतेही विषाणूरोधक न देताही ताप उतरताना नाडी मंदावलेली आढळते.

धोका बहुधा एकट्या औषधाचा नसतो. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आधीच घटलेले असते, वर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन आणि घशासाठी अझिथ्रोमायसिन : चिठ्ठीवर तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेली, पण तिन्ही क्यूटी लांबवणारी. वयस्कर, स्त्रिया, हृदय कमकुवत असलेले आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. २०१३ चा टिस्डेल गुणांक अशाच बाबींना गुण देतो. सात ते दहा गुणांना मध्यम आणि अकरा किंवा त्याहून जास्त गुणांना जास्त धोका मानतात.

प्रत्यक्षात औषधापूर्वी एक ईसीजी आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा काढतात. पहिला नसेल तर दुसऱ्याची तुलना कशाशी करणार? सुधारित क्यूटी पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक. ५०० ओलांडली किंवा ६० ने वाढली, तर औषधे कमी करतात अथवा बदलतात. रक्तातले पोटॅशियम लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंट आणि मॅग्नेशियम डेसिलिटरला २ मिलिग्रॅमच्या वर ठेवतात. टॉर्साड झालेच तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून देतात, मग रक्तातल्या मॅग्नेशियमची पातळी काहीही असो. रक्तदाब कोसळला तर विजेचा झटका. घरात तरुणपणी अचानक मृत्यू झाले असतील, तर जन्मजात लांब क्यूटीची शक्यता ध्यानात घेऊन ही माहिती पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगावी.