उतारा इथला, नागरिकत्व तिथले

बेळगावात एक नोव्हेंबर शांतपणे उजाडत नाही. एका बाजूला लाल-पिवळे झेंडे आणि राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसऱ्या बाजूला दंडाला काळ्या फिती बांधून निघालेली मराठी माणसांची सायकल फेरी. १९५६ साली याच तारखेला राज्य पुनर्रचना अमलात आली आणि चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कुणाला तो दिवस सणाचा, कुणाला सुतकाचा. त्याच दिवशी गावातल्या कॅथलिक चर्चांमध्ये सर्व संतांचा सण असतो, आणि दुसऱ्या दिवशी, दोन तारखेला, तीच माणसे मेणबत्त्या आणि फुले घेऊन दफनभूमीत जातात. एक दिवस स्वर्गात पोचलेल्यांचा, एक दिवस अजून वाटेत असलेल्यांचा.

तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पोप तिसरे ग्रेगरी यांनी आठव्या शतकात रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थळ अर्पण केले, तिथपर्यंत एक नोव्हेंबरचा माग लागतो. दोन नोव्हेंबरची प्रथा फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी ९९८च्या सुमारास घालून दिली. दिल्लीत राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांनी काही चर्चचे कॅलेंडर समोर ठेवले नव्हते. पण गाव कुणाचे यावर इतकी वर्षे भांडण चाललेल्या मुलखात ‘आपले खरे घर वर आहे’ असे सांगणारा धर्म नांदतो आहे, ही गंमत उरतेच. आणि तो खरोखर तसेच सांगतो का, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

‘पॅरिश’ या शब्दापासूनच सुरुवात करू. इथले कॅथलिक ‘आमची पॅरिश’ असे सहज म्हणतात, जसे आपण ‘आमची गल्ली’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’. त्याचा अर्थ परक्या मुलखात वस्तीला असणे, तिथला हक्कदार नसताना तिथे राहणे. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःला तसेच समजत: इथे राहतो, कर भरतो, पण इथले नाही. पुढे हाच शब्द घासून घासून चर्चच्या प्रशासकीय हद्दीचे नाव झाला. उपरेपण सांगणारा शब्द शेवटी हद्द सांगू लागला, हे सीमाभागातल्या माणसाने तरी विसरू नये.

दुसरा शब्द बायबलमधल्या, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातला. आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, असे पौल हा आद्य ख्रिस्ती प्रचारक तिथे लिहितो. हे वाक्य मातीच्या वेळी इतके ऐकलेले असते की त्यामागचे गाव डोळ्यांसमोर येतच नाही. फिलिप्पै हे आजच्या ग्रीसच्या उत्तरेचे, तेव्हाच्या मासेदोनियातले शहर. इसवी सनापूर्वी ४२ साली तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त रोमन सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवले गेले. शहराला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. आजूबाजूला ग्रीक बोलणारी वस्ती, कायदा आणि कारभार मात्र रोमचा. राहायचे एकीकडे आणि नाव दुसरीकडच्या दप्तरात, हा प्रकार त्या शहराला अंगवळणी पडलेला होता. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शेताचा उतारा कन्नडमध्ये, घरात बोलणे मराठीत, लेक दिलेली चंदगडला.

पण इथेच एक मेख आहे. वसाहतीतल्या रोमन नागरिकाने म्हातारपणी सामान बांधून रोमला परत जावे, ही काही वसाहतीमागची योजना नव्हती. त्याने तिथेच राहून तिथे रोम उभे करावे, ही अपेक्षा होती. पौलही पुढच्याच शब्दांत ‘आपण तिकडे जाऊ’ असे म्हणत नाही. तिकडून तारणारा येईल, त्याची वाट पाहतो आहोत, असे म्हणतो. प्रवासाची दिशाच उलटी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही तसेच. नवे यरुशलेम हे शहर स्वर्गातून खाली उतरते आणि देवाची वस्ती माणसांमध्ये होते. माणसे शिडी लावून वर चढत नाहीत. जुन्या मतांगीकारांतही, म्हणजे श्रद्धा काय आहे हे सांगणाऱ्या ठरीव वचनांतही, शेवटी ‘मेल्यावर स्वर्ग’ नसून देहाचे किंवा मृतांचे पुनरुत्थान आहे. दफनभूमीला इंग्रजीत जो ‘सेमेटरी’ शब्द आहे तो ग्रीक ‘कोइमेतेरिऑन’वरून आला, त्याचा अर्थ झोपायची जागा. आमच्याकडे ख्रिस्ती माणूस गेल्यावर ‘प्रभूमध्ये निजला’ म्हणतात, ते याच विचाराला धरून. निजलेला माणूस उठायचा असतो.

मग ‘वर जाऊन कायमचे राहायचे’ ही कल्पना इतकी घट्ट कशी बसली? एक कारण असे की मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात जीव कुठे असतो, हा प्रश्न लोकांना सुटत नव्हता. पोप बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६ साली निर्णय दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना शेवटच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही, त्यांना देवाचे दर्शन आधीच मिळते. शुद्धीची जागा, म्हणजे परगेटरी, तिची शिकवण तेराव्या ते सोळाव्या शतकांतल्या धर्मपरिषदांत पक्की झाली. प्रोटेस्टंटांनी ती नाकारली. हा फरक दोन नोव्हेंबरला बेळगावात अजून दिसतो. कॅथलिक कुटुंब मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागते. प्रोटेस्टंटांपैकी मेथडिस्ट कुटुंब मृतासाठी मागत नाही, त्याच्याबद्दल आभार मानते. गेलेला कुठे आहे याचा हिशेब दोघांचा वेगळा.

दुसरे कारण एका ओळीचे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की माझ्या पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत. ग्रीक शब्द ‘मोने’, म्हणजे मुक्काम, राहण्याची जागा. लॅटिनमध्ये त्याचे ‘मान्सिओनेस’ झाले, आणि इंग्रजीत १६११च्या भाषांतराने ‘मॅन्शन’ हा शब्द कायम केला. तेव्हा त्याचाही अर्थ राहण्याची जागा असाच होता. पुढे त्या शब्दाचा अर्थ हवेली झाला आणि उपदेशकांची चंगळ झाली. स्वर्गात तुमच्या नावे बंगला तयार आहे, असे सांगणारी भाषणे आजही ऐकायला मिळतात. मराठी बायबलमध्ये ‘राहण्याच्या जागा’ आहे, ते जास्त इमानी.

मराठीपुढे अडचण वेगळीच होती. ‘स्वर्ग’ हा शब्द तयार होता, पण त्याचा अर्थही तयार होता. गीतेच्या नवव्या अध्यायात स्वर्ग भोगून पुण्य संपले की जीव पुन्हा मर्त्यलोकात येतो. म्हणजे स्वर्ग हा मुक्काम, कायमचे घर नव्हे. ख्रिस्ती प्रचारकाला नेमके उलटे सांगायचे होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला. शेजारच्या वैष्णवाला तो कळावा, आणि वैकुंठातून परत यावे लागत नाही. मला ही निवड आजही धाडसी वाटते. पुढच्या मिशनऱ्यांना मात्र तसल्या शब्दांत विष्णू दिसू लागला आणि ते ‘स्वर्गा’कडेच वळले. कोकणी बोलणाऱ्या बेळगावच्या कॅथलिकांच्या तोंडी तो ‘सर्ग’ झाला आणि रोजच्या प्रार्थनेत बसला. आज ‘स्वर्गवासी’ हा शब्द हिंदूच्या आणि ख्रिस्त्याच्या निधनाच्या बातमीत सारखाच छापला जातो, आणि दोघांच्या मनात वेगवेगळ्या जागा असतात.

या घडामोडींत बेळगावचा वाटा लहान नाही. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली इथे काम सुरू केले. जिल्हा इंग्रजांकडे येऊन फार तर दोन वर्षे झाली होती. याच गावात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्यांच्या ज्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घेतले जाते, ती तीन वर्षांनी आली. त्या पिढीच्या हातात आणखी एक पुस्तक होते: जॉन बनियनच्या इंग्रजी रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले मराठी रूप, ‘यात्रिक क्रमण’, १८४१चे. त्यातला नायक पाठीवर ओझे घेऊन बायकापोरांना मागे टाकून घर सोडतो आणि स्वर्गीय नगराकडे चालू लागतो. यात्रा ही कल्पना मराठी वाचकाला नवी नव्हती. आषाढीला पायी जाणे, पंढरीला माहेर म्हणणे, हे तर रक्तात. पण माहेराहून माणूस परत सासरी येतो, वारकरी एकादशी करून शेतीच्या कामाला हजर होतो. बनियनचा यात्रेकरू परतत नाही. वाचणाऱ्याला हा फरक खटकला असणार, असे मला वाटते.

आणि तो फरक नुसता पुस्तकात राहिला नाही. बाप्तिस्मा म्हणजे घर तुटणे, हा त्या काळचा रोकडा हिशेब होता. जात गेली की पंगत गेली, विहीर गेली, वाटणीही गेली. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. पण कायद्याने उंबरा ओलांडता येतो असे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे दोघांचा संसार पुन्हा जुळला. ते भाग्य सगळ्यांना लाभले नाही. ज्यांना परत जायला घर उरले नाही, त्यांच्यासाठी मिशन कंपाउंड उभी राहिली: शाळा, बोर्डिंग, चर्च, ओळीने खोल्या. ‘स्वर्गात घर आहे’ हे वाक्य अशा खोलीत बसून ऐकणाऱ्याला अलंकारिक वाटले नसेल. पृथ्वीवरचे घर त्याने आधीच मोजून दिले होते.

मिशनने घराचा विचार केलाच नाही असेही नाही. दक्षिणेत बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे रोजगार गेलेल्यांना काम मिळावे हा एक हेतू होता. त्या सपाट, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी साऱ्या पश्चिम किनाऱ्यावरची आणि घाटमाथ्यावरची छपरे बदलली. खानापूर तालुक्यातल्या पावसात मंगळुरी कौले न पाहिलेला माणूस सापडणार नाही. खानापूरची मातीही पुढे कौलांसाठी नावाजली. स्वर्ग सांगायला आलेल्यांनी इथल्या हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर घातले, आणि ते अजून गळत नाही.

कॅथलिकांचे पृथ्वीवरचे पत्ते तर आणखी गुंतागुंतीचे. १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याआधी इथल्या बहुतेक कॅथलिकांचे आर्चबिशप पोर्तुगीज गोव्यात बसत. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या मुंबई राज्यात राहणाऱ्या माणसाचा धर्मगुरू परकीय सत्तेच्या हद्दीत. धर्मप्रांत होऊन तीन वर्षे होतात तोच राज्य बदलले. सीमाप्रश्नावरच्या १९६७च्या महाजन अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, पण खानापूर, नंदगड, निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले. तेही झाले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ला गावाचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या सगळ्यात चर्चने आपला जुना मार्ग धरला: मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोकणीत, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. कोणत्या वेळेला कोणती भाषा, यावर कुरबुरी होतातच. पारोइकिया झाली म्हणून माणसे माणसेच राहतात.

मातीच्या वेळी वाचले जाणारे आणखी एक वचन आहे, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. पौल स्वतः तंबू करण्याचा धंदा करायचा, आणि त्याने देहाला तंबूची उपमा दिली: हे घर मोडले तरी देवाने दिलेले, हातांनी न बांधलेले घर आहे. मराठी भाषांतराने तिथे ‘मंडप’ हा शब्द धरला. तंबू आपल्याकडे कुणाच्या वापरात नाही, पण मंडप प्रत्येकाने पाहिलेला असतो. लग्नाआधी दारात उभा राहतो, कार्य झाले की कळक सुटतात, आणि अंगणात फक्त खड्डे राहतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या तेव्हा चिक्कोडी, रायबाग, गोकाककडे मातीच्या भिंतींची घरे अशीच बसली. त्या वेळी या वचनाचा आधार घेता येतो, पण ते भरपाईच्या अर्जाला जोडता येत नाही. अर्जाला उताराच लागतो.

बायबललाही ते माहीत आहे. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया हा संदेष्टा पत्र लिहितो, तेव्हा लवकर सुटाल असे सांगत नाही. घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, पोरांची लग्ने करा, आणि ज्या शहरात नेले आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे सांगतो. सत्तर वर्षे लागतील, असाही आकडा देतो. सीमाभागातल्या वाचकाने १९५६पासूनची बेरीज करून पाहिली, तर त्याला तो आकडा ओळखीचा वाटेल.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लागतात. दगडांवर मराठी असते, कन्नड असते, इंग्रजी आणि रोमन लिपीतली कोकणीही असते. गोव्यापासून मुंबईपर्यंतच्या अनेक कॅथलिक दफनभूमींत जागा अपुरी पडते, म्हणून कबरीचे दोन प्रकार असतात, कायमची आणि तात्पुरती. तात्पुरत्या कबरीत काही वर्षांनी हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि खड्डा पुढच्या माणसाला देतात. कायमच्या कबरीला पैसे जास्त पडतात.