मनोविकृतीसाठी रक्तातील जैवसूचक

भास, भ्रम व विस्कळीत विचार ही लक्षणे असलेल्या आजारांच्या निदानासाठी किंवा उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी रक्तात मोजले जाणारे घटक. त्यांपैकी स्किझोफ्रेनियावर शिक्कामोर्तब करणारी एकही रक्तचाचणी आज प्रचलित नाही. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे किती दिवस टिकली हे पाहूनच मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात. रक्तावरून स्किझोफ्रेनिया ओळखून देण्याच्या जाहिरातींवर म्हणूनच विसंबू नये.

तरीही आजाराच्या पहिल्या झटक्याच्या वेळी रक्त तपासतात, ते दुसरे कारण शोधण्यासाठी. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी लोकांत ती सर्रास आढळते), एचआयव्ही, शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आजार यांतही भास-भ्रम होऊ शकतात. रक्तचाचणीला खरे यश मिळाले तेही इथेच. १९०६ मध्ये आउगुस्ट वासरमान यांची उपदंशाची (सिफिलिसची) चाचणी आली. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची व मूर यांनी भ्रम आणि लकवा आणणाऱ्या सार्वदेहिक पक्षाघाताच्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. मनोरुग्णालयांतील अशा रुग्णांचा आजार संसर्गजन्य ठरला. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी मेंदूपेशींवरील एनएमडीए ग्राही या प्रथिनांविरुद्ध शरीरानेच तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह वर्णिला. तो विशेषतः तरुण स्त्रियांत आढळतो आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी सावरतात. त्यात केवळ रक्ताच्या अहवालावर न थांबता पाठीतले पाणीही तपासावे लागते. कारण सापडले की तो आजार वेगळा होतो. उरलेले रुग्ण स्किझोफ्रेनियाच्या नावाखाली राहतात. हा उरलेला गट एकाच आजाराचा नसावा, आणि म्हणूनच सर्वांना लागू पडणारा सूचक हाती लागत नसावा.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या, शरीरातील दाह दाखवणाऱ्या सूचकांची सरासरी या रुग्णांत वाढलेली दिसते. पण लठ्ठपणा, धूम्रपान, साधा संसर्ग, नैराश्य यांतही ती वाढते. समोरच्या एका माणसाबद्दल त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

उपचारांच्या देखरेखीत मात्र रक्ताशिवाय चालत नाही. बऱ्याच औषधांनी साखर, चरबी व वजन वाढते. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी चुकू शकते. सर्वांत कडक पहारा क्लोझापिनवर असतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात ते गुणकारी आहे, परंतु १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले. तेव्हापासून या पेशी मोजत राहण्याची शिस्त आली: सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, पुढे अंतर वाढवत. मध्येच ताप आला किंवा घसा दुखला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त द्यावे.

क्लोझापिनची रक्तातील पातळीही मोजतात. रात्रीच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी नमुना घेतात. साधारण ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गुण येण्याची शक्यता वाढते. विडी-सिगारेटच्या धुराने यकृतातील औषध मोडणारे विकर (एन्झाइम) चेतवले जाऊन ही पातळी उतरते. वॉर्डात दाखल झाल्यावर विडी एकदम सुटली, तर तोच डोस काही दिवसांत जास्त होतो, गुंगी वाढते, फिटही येऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. मळलेली तंबाखू खाणाऱ्याने ती सोडली तर पातळी अशी वाढत नाही.