नकाशा काढणं सोपं, तो गेमला पटवणं अवघड

‘डूम’ हा गेम डिसेंबर १९९३ मध्ये आला. आत शिरून त्याच्या खोल्या बदलाव्यात, असं अनेकांना वाटलं. गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरकडे स्वतःचा एडिटर, म्हणजे नकाशे काढायचा प्रोग्रॅम होता, पण तो नेक्स्ट नावाच्या संगणकांवर चालणारा. खेळणाऱ्यांच्या हाती होती ती फक्त वॅड फाइल. सुदैवाने नकाशे, चित्रं, आवाज असं सगळं प्रोग्रॅमपासून वेगळं याच फाइलमध्ये ठेवलेलं होतं. तिची उकल होताच जानेवारी १९९४ मध्ये ‘डीईयू’ हा एडिटर फिरू लागला.

फाइलचे पहिले १२ बाइट म्हणजे दाराची पाटी: ४ बाइटांत फाइलचा प्रकार, ४ मध्ये आतल्या तुकड्यांची संख्या, ४ मध्ये अनुक्रमणिकेचा पत्ता. पुढचं वाचन चिकाटीचं काम. नकाशावरची प्रत्येक वस्तू किंवा राक्षस १० बाइटांत मावतो: आडवं स्थान, उभं स्थान, तोंडाची दिशा, प्रकार आणि काही खुणा, प्रत्येकी दोन बाइट. आगीचे गोळे फेकणाऱ्या इम्पचा प्रकार ३००१. फाइलमध्ये मात्र आधी १८५ आणि मग ११ दिसतात, कारण आकड्याचा एककाच्या बाजूचा बाइट आधी आणि २५६ पटीचा नंतर, अशी लिहायची पद्धत आहे: ११ गुणिले २५६, अधिक १८५. हा उलटा क्रम विसरलात तर इम्पच्या जागी काय उगवेल, सांगता येत नाही.

भिंती म्हणजे दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेघा. रेघेला दिशा असते आणि तिची उजवी बाजू ही पुढची बाजू. उलटी ओढली की भिंत खोलीकडे पाठ करून उभी राहते. रेघांनी वेढलेल्या भागाला जमिनीची एक आणि छताची एक उंची मिळते. त्यामुळे एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नाही. खेळणाऱ्याला ही अडचण वाटेल; एडिटर लिहिणाऱ्याला मात्र ती पर्वणी, कारण अख्खा नकाशा वरून पाहिलेल्या सपाट आराखड्यात मावतो. जिनासुद्धा शेजारशेजारच्या पट्ट्यांचाच, फक्त प्रत्येक पायरी २४ एककांहून उंच नको. नाहीतर चढताच येत नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. कोणती भिंत जवळची आणि कोणती लांबची, हे दर चित्राला नव्याने ठरवणं तेव्हाच्या संगणकांना झेपणारं नव्हतं. म्हणून ते आधीच ठरवून फाइलमध्ये ठेवलेलं असतं. नकाशाला एका सरळ रेषेने दोन भागांत कापायचं, त्या भागांना पुन्हा कापायचं, आणि कुठेही आत वळलेला कोपरा उरेनासा होईपर्यंत कापत राहायचं. यातून एक झाड तयार होतं: प्रत्येक काप म्हणजे एक फाटा, त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन फांद्या. खेळणारा कापरेषेच्या ज्या बाजूला असेल ती बाजू आधी, दुसरी नंतर, एवढंच पाळलं की भिंती आपोआप जवळून लांब अशा क्रमाने मिळतात. ही युक्ती फुक्स, केडेम आणि नेलर यांनी १९८० मध्येच मांडली होती.

पण तुम्ही एक कोपरा सरकवला की जुनं झाड खोटं ठरतं. ते पुन्हा बांधलं पाहिजे. कापरेषा कुठे घ्यायची, इथेही ओढाताण असते: वाईट निवडीमुळे भिंतींचे फार तुकडे होतात, नाहीतर झाड एकाच बाजूला वाढत जातं.

त्यामानाने ‘रिजेक्ट’ नावाचा तक्ता फार समजूतदार. कोणत्या भागातून कोणता भाग दिसूच शकत नाही याची त्यात नोंद असते, म्हणजे राक्षसांच्या नजरेचा फुकटचा हिशोब वाचतो. एडिटर लिहिणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने तो नुसत्या शून्यांनी भरावा. गेम बिनतक्रार चालतो.