मासा सगळ्यात खोल पाण्यात नसतो

तळ्याचा खोलीचा नकाशा हातात आला की बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा शोधतात आणि तिथेच गळ टाकतात. ऐन उन्हाळ्यात तर ती जागा बऱ्याचदा ओसाड असते.

याचं कारण पाण्याच्या थरांत आहे. वरचं तापलेलं पाणी हलकं, खालचं गार पाणी जड. मधल्या पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरतं. हा पट्टा झाकणासारखा बसतो आणि वाऱ्याने घुसळलेलं, प्राणवायूने भरलेलं पाणी खाली जाऊच देत नाही. तळाशी मेलेलं शेवाळ, पालापाचोळा कुजत असतो, आणि त्यात उरलासुरला प्राणवायूही संपत जातो. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यांत हे हमखास घडतं.

म्हणून नकाशावर खोली शोधण्यापेक्षा खोली कुठे बदलते ते शोधावं. सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा एकमेकींना खेटून असतील तिथे तळ एकदम उतरतो. लांब लांब असतील तिथे सपाटी. समजा, ११ मीटर पाण्याच्या मधोमध एकात एक बंद वळसे आहेत: १०, ८, ६ आणि सगळ्यात आत ४. हा पाण्याखालचा उंचवटा. लांब वायरचा थर्मामीटर हळूहळू खाली सोडला आणि ७ मीटरपाशी तापमान एकदम घसरलं, तर उंचवट्याचा माथा चांगल्या पाण्यात आहे. पाणी नितळ असेल तर माथ्यावर ऊन पोचतं, वनस्पती उगवतात, त्यांवर कीटकांच्या अळ्या येतात, अळ्यांमागे लहान मासे. शिकारी मासे बहुधा माथ्यावर नाही, तर कडेला, ५-६ मीटरच्या रेषेवर दबा धरतात. गळ तिथे हवा.

काठावरून पाण्याखाली आत घुसलेली जमिनीची सोंडही अशीच मोलाची. धरणाच्या जलाशयात ती नदीच्या जुन्या पात्राला भिडत असेल, तर मी आधी तिथेच जाईन. दोन सारख्याच सोंडा असतील तर ज्या काठावर वारा आदळतो तिकडची निवडावी. वारा वरचं कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्मजीव तिकडे लोटतो.

एक गोष्ट मात्र पाहायलाच हवी. जलाशयाच्या नकाशातली खोली बहुधा पूर्ण भरलेल्या पातळीपासून मोजलेली असते. पाणी ३ मीटर उतरलं असेल तर तोच ४ मीटरचा माथा जेमतेम १ मीटर खाली असतो. सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र, नसेल तर वजन बांधलेली, दर मीटरला गाठ मारलेली दोरी सोडून खोली मोजून घ्यावी.